सुगीच्या सणातली लोणच्याची बरणी

आमच्या देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, सुगीच्या सणाला लिलाव असतो आणि लिलावानंतर जेवण. मंडळी घरातलं, शेतातलं जे काही आणतील ते वेदीपुढे मांडलं जातं: भोपळे, अंडी, ज्वारीची कणसं, पाय बांधलेला कोंबडा. उपासना संपली की हे सगळं पटांगणात आणून त्यावर बोली लावतात. ज्यानं घेतलं त्यानं ते घरी न्यावंच असं नाही. उलट पैसे भरायचे आणि वस्तू पुन्हा लिलावाला द्यायची, यात मोठेपणा मानतात. त्यामुळे एकच भोपळा चार-पाच वेळा विकला जातो आणि देवाला तितक्या भोपळ्यांचे पैसे मिळतात. व्यवहार म्हणून हे मला नेहमीच आवडलं आहे.

माझ्या बायकोचं कैरीचं लोणचं दरवर्षी सगळ्यात जास्त वेळा विकलं जायचं. कारण साधं होतं. ते खाण्याजोगं नव्हतं. मीठ आणि मेथी ती अंदाजानं घालायची आणि तिचा अंदाज फार उदार होता. एकदा कुणीतरी ती बरणी घरी नेली होती. ती चूक पुन्हा कुणी केली नाही. तिचा मात्र समज असा, की लोणचं इतकं उत्तम असतं की एकट्यानं घरी न्यायचा लोकांना संकोच वाटतो. मी हा समज कधी दुरुस्त केला नाही. मी शिक्षक होतो, पण घरात नव्हतो.

यंदा पावसाळ्यात ती गेली. त्याआधी उन्हाळ्यात नेहमीसारख्या दोन बरण्या घातल्या होत्या, एक घरची, एक देवळाची. घरची मी पुरवून पुरवून संपवली. देवळाची तांदळाच्या डब्यामागे सरकवून ठेवली. सणासाठी भवानी पेठेतून माझी धाकटी बहीण आली, तिनं स्वयंपाकघर आवरलं, आणि बरणी दिसताच, वहिनीचा नेम चुकायला नको म्हणून परस्पर नेऊन वेदीपुढे ठेवली. मला ती दिसली तेव्हा पाळकसाहेब तिच्यावर प्रार्थना करत होते. अशा वेळी उठून बरणी उचलण्याइतका मी धीट नाही. ठरवलं, विकत घ्यायची.

लिलाव करणारा गृहस्थ मार्केट यार्डात कांद्याचा अडत्या आहे. देवळातही तो कांदाच विकत असल्यासारखा ओरडतो.

"काकूंची शेवटची बरनी. बोला की, लाजताय काय?"

मी हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदाच; एरवी बोली लावायचं काम बायकोचं असायचं. माझा हात पाहून पटांगणाला गहिवरून आलं, आणि काकूंच्या आठवणीसाठी म्हणून सगळेच माझ्या बोलीवर चढायला लागले. मी जरा वाढवलं की कुणीतरी प्रेमानं त्याच्यावर वाढवायचं. बायकांच्या बाजूनं तर माझी बहीणच हात खाली घेईना. इतक्या आपुलकीनं मला आजवर कुणी लुटलं नव्हतं.

शेवटी मी उभा राहिलो आणि पेन्शनीला न शोभणारा आकडा सांगितला. बोली थांबली.

"एकवार, दोनवार, तीनवार, सरांची बरनी," अडत्या म्हणाला. टाळ्या वाजल्या, आणि त्याच दमात त्यानं बरणी पुन्हा उंच धरली. "आन् सरांनी ती परत देवाला दिली. बोला, दुसरी बोली."

"मी दिली नाही," मी म्हणालो. "मला घरी न्यायची आहे."

माझा आवाज लहान. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मागच्या खुर्चीवरची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "खानार हाय व्हय त्यो?" आणि ते पटांगणभर ऐकू गेलं. पहिल्यांदा हसलो तो मीच, म्हणून मग इतरांना हसता आलं.

अडत्या बरणी घेऊन माझ्याजवळ आला आणि कानाशी म्हणाला, "सर, राग मानू नका. लोनचं कसं हाय ते म्हायती हाय न्हवं?"

"लग्न झाल्यापासून तेच खाल्लंय."

"मग न्या. दुसऱ्या कुनाचं कामच न्हाय ते."

जेवायला बिर्याणी आणि दालचा होता. बहीण ताट घेऊन शेजारी बसली. ती रुसली होती.

"देवाला दिलेलं परत घेतलंस, दादा."

"देवानं तरी कुठं खाल्लं असतं?"

"वहिनी असती तर बोलली असती तुला."

"बोलली असती."

थोडा वेळ ती भात चिवडत राहिली. मग ताट पुढे केलं. "एक फोड दे."

मला द्यायची नव्हती. रोज एक धरली तर बरणी ईस्टरपर्यंत जाईल, असा मी मनाशी अंदाज बांधला होता. तरी झाकण उघडलं. तिनं फोड तोंडात घातली, डोळे मिटले आणि चाचपडत पाण्याचा पेला शोधला.

"काय गं केलंस हे, वहिनी," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून. पेलाभर पाणी प्यायली, पदरानं डोळे पुसले आणि दुसरी फोड मागितली.

मी झाकण लावून टाकलं.