खवलेबाईंचे लाकडी मासे

खवलेबाई हे त्यांचं आडनाव नव्हे. ते कारखान्यातल्या लोकांनी ठेवलेलं नाव, आणि ते इतकं चिकटलं की त्यांच्या नवऱ्यालाही गल्लीतले लोक 'खवलेबाईंचे मिस्टर' म्हणू लागले. तो बिचारा त्यालाही ओ द्यायचा.

कारखाना म्हणजे एकामागे एक अशा तीन खोल्या. तिथे गळाला लावायचे खोटे मासे बनत. बोटभर लांबीचे, लाकडाचे, पोटाखाली दोन गळ, नाकाशी तंगुसाचा दोर बांधायला कडी आणि हनुवटीखाली पारदर्शक प्लास्टिकची एक छोटी पट्टी. त्या पट्टीला तिथे सगळे 'जीभ' म्हणत. पाण्यातून ओढलं की जिभेवर दाब येतो आणि लाकडाचा तुकडा जिवंत माशासारखा डुलत जातो. मोठा मासा भक्ष्य समजून झडप घालतो आणि अडकतो. पहिल्या खोलीत लाकूड तासायचं, मधल्या खोलीत रंग, आणि शेवटच्या खोलीत पाण्याची लांबलचक टाकी. त्या टाकीत प्रत्येक मासा पोहवून बघायचं काम एका अबोल माणसाकडे होतं. त्यांना सगळे टाकीकाका म्हणत.

खवलेबाई इथे आल्या तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. त्याआधी त्या कपबशांवर फुलं काढायच्या. तो कारखाना बंद पडला. इथल्या मालकांनी त्यांच्या हातात एक कोरा लाकडी मासा दिला आणि म्हणाले, "मला याचा मासा करून आणा." बाईंनी आयुष्यात मासा नीट निरखून पाहिलेला नव्हता. त्यांनी बाजारातून एक विकत आणला, ताटलीत ठेवला आणि दोन दिवस त्याच्यासमोर बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी नाकाला रुमाल लावून विचारलं, "सूनबाई, हा शिजवायचा आहे की याचं सुतक पाळायचं आहे?" पण तोवर काम झालं होतं. मालकांनी तो रंगवलेला मासा खिडकीशी नेऊन उलटासुलटा केला आणि एवढंच म्हणाले, "उद्यापासून या."

तेव्हापासून सत्तावीस वर्षं त्या मधल्या खोलीतल्या खिडकीपाशी बसत. दुसऱ्या कारखान्यांत जाळीचं कापड ताणून वरून रंग फवारत, की झाले खवले. बाईंना ते पटायचं नाही. जाळीचा रंग वाळला की त्या सगळ्यात बारीक कुंचला घेऊन एकेका खवल्याची कड पुन्हा काढत. कल्ल्यांची रेघ, गळ्याखालचा तांबूस डाग, डोळ्याभोवतीचं सोनेरी कडं. दिवसाला अकरा मासे, त्याहून जास्त नाही. पाठ भरून यायची, डोळे चुरचुरायचे. पण कोणी गिऱ्हाईक येऊन सांगायचं की तुमच्या माशाला काल हाताएवढा लागला, की त्यांना मनातल्या मनात वाटायचं, तो मी पकडला.

गंमत म्हणजे त्यांनी स्वतः कधी गळ हातात धरला नव्हता. तळ्यावर गेल्याच नव्हत्या. रविवारी घरची कामं का कमी असतात?

मग मालकांची पाठ धरली आणि त्यांची मुलगी कारभार बघायला आली. लहानपणी ती याच खोलीत बाईंच्या टेबलाखाली बसून चित्रं काढायची. बाईंना ती मावशी म्हणायची, अजूनही म्हणते. महिनाभर तिने सगळं बघितलं आणि एक दिवस स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसली.

"मावशी, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"रागावण्यासारखं असेल तर रागावेन. विचार."

"एवढं सगळं माशाला दिसतं का हो? हा एकेक खवला? मला वाटतं पाठ काळपट आणि पोट पांढरं, एवढं पुरे. दोन रंग, संपलं."

बाईंचा कुंचला थांबला.  त्या दिवशी अकरा मासे पुरे झाले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी आल्या त्याच मुळी ठरवून. मुलीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझं खरं की तुझं, हे माशालाच विचारू या."

मुलगी हुशार होती. तिने घाई केली नाही. एकाच लाकडाचे, एकाच वजनाचे बारा मासे काढले. सहा बाईंनी रंगवले, आणि चांगला जीव ओतून रंगवले. सहांना नुसते दोन रंग. मग बाराही टाकीकाकांकडून नीट पोहवून घेतले. बरोबर यायला गल्लीतला न्हावीदादा तयार झाला. त्याला मासेमारीचं वेड, रविवारी दुकान बंद करून तळ्यावर जायचा तो अंधार पडेपर्यंत. होडीच्या एका टोकाला न्हावीदादा, दुसऱ्या टोकाला मुलगी, आणि मध्ये खवलेबाई, मांडीवर वही घेऊन. एकाने रंगवलेला लावायचा, दुसऱ्याने साधा, आणि दर अर्ध्या तासाने दोघांनी मासे बदलायचे, म्हणजे कोणाच्या हातगुणाचा प्रश्न नको. तीन रविवार.

पहिल्या रविवारी लख्ख ऊन होतं, पाण्याचा तळ दिसत होता. अर्ध्या तासातच मुलीच्या गळाच्या काठीला हिसका बसला. तिने दोर गुंडाळत आणला आणि न्हावीदादाने मासा होडीत घेतला. रंगवलेल्याला लागला होता. बाईंनी वहीत पहिली रेघ मारली आणि आनंदाने त्या माशाकडे वळल्या.

आणि बघतच राहिल्या. तो मासा त्यांच्या माशासारखा मुळीच नव्हता. त्याच्या पाठीवरचा रंग हिरवा होता की निळा, सांगता येईना. जरा वळला की जांभळा दिसायचा. खवल्यांच्या कडा कुठे दिसतच नव्हत्या, नुसता उजेड अंगावरून वाहत होता. गळ्याखाली तांबूस काहीही नव्हतं. तो तांबूस डाग त्यांनी ताटलीतल्या माशावर पाहिला होता. दोन दिवसांच्या मेलेल्या माशावर.

"मावशी, काय झालं?" मुलीने विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "ऊन लागलं जरा."

सत्तावीस वर्षं आपण मेलेले मासे रंगवत होतो, हे त्या दिवशी त्यांनी कोणालाही सांगितलं नाही.

दुपारपर्यंत रंगवलेल्यांना पाच आणि साध्यांना दोन असा हिशोब झाला, तेव्हा त्यांना जरा धीर आला. मग न्हावीदादाने चहा प्यायला थांबल्यावर आपल्या डब्यातून एक मासा काढून गमतीने टाकला. त्याच्यावर रंगाचा कणही नव्हता, उघडं लाकूड, एकच डोळा, तोही अर्धा. तिसऱ्याच फेकीला त्याला लागला.

"हा मोजू नका," मुलगी म्हणाली. "हा आपल्यातला नाही."

"नाही कसा? तुमच्याच कारखान्यातला," न्हावीदादा हसला. "सोळा वर्षं झाली. ताईंनीच रंगवलेला. हा माझा हुकमी."

"मग रंग कोणी काढला?" बाईंनी विचारलं.

"माशांनी. दातांनी. जसजसा रंग गेला तसतसा आणखी चालायला लागला म्हणा ना!"

तो भाबडेपणाने बोलून गेला. बाई वहीकडे बघत बसल्या.

संध्याकाळी नऊ-सात झालं. रंगवलेले पुढे. दुसऱ्या रविवारी पाणी गढूळ होतं, आभाळ भरलेलं. तेव्हा चार-सहा. आता एकूण तेरा-तेरा. तिसऱ्या रविवारी तिघांचे डोळे दोरांवर खिळलेले. न्हावीदादा, ज्याची जीभ कात्रीपेक्षा जोरात चालायची, तोही फक्त आकडे विचारायचा. शेवटच्या तासाला साधे एकोणीस आणि रंगवलेले अठरा अशी स्थिती असताना न्हावीदादाच्या काठीला मोठा हिसका बसला. रंगवलेलाच होता. त्याने होडीच्या कडेपर्यंत आणला, पाण्यावर त्याचं डोकं दिसलं, आणि शेवटच्या क्षणी मासा सुटून गेला.

"लिहा ताई," न्हावीदादा म्हणाला. "लागला होता. सगळ्यांनी बघितला."

मुलगीही म्हणाली, "हो मावशी, लिहा. लागला म्हणजे लागला."

बाईंनी पेन्सिल कागदावर टेकवली. मग उचलली. "पहिल्या रविवारी साध्याचा एक असाच सुटला होता," त्या म्हणाल्या. "तो मी लिहिला नव्हता."

आणि वही मिटली.

सोमवारी सकाळी त्यांनी ती वही मालकांच्या घरी नेऊन त्यांच्यासमोर ठेवली. मालक पाठीला उशी लावून बसले होते. मुलगी दारात उभी होती. जिंकूनही तिचा चेहरा पडलेला. मालकांनी पानं उलटली आणि ते हसले. वाईट हेतूने नाही, पण हसले.

"बाई, हे मला वीस वर्षं माहीत आहे. पाणी अगदी स्वच्छ असलं तर कधी फरक पडतो, नाहीतर नाही. पण मासा थोडाच दुकानात येतो? दुकानात माणूस येतो. तो तुमचे खवले बघतो आणि उचलतो."

"मग मला कधी बोलला नाहीत?"

"तुम्ही इतकं मन लावून करत होता. म्हटलं कशाला..."

हे मात्र बाईंना लागलं. हरल्याचं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. वीस वर्षं सगळ्यांनी मिळून लहान मुलासारखं आपल्याला खेळवलं, असं वाटलं. त्या कारखान्यात न जाता सरळ घरी गेल्या.

नवरा निवृत्त कंडक्टर. बायको कामाच्या दिवशी सकाळी अकराला घरी आली हे बघून त्याने आधी तिच्या कपाळाला हात लावला, मग स्वतःच चहा टाकला. चहा वाईट झाला होता. दोघांनी तो निमूटपणे प्यायला. मग बाईंनी सगळं सांगितलं, ताटलीतल्या मेलेल्या माशासकट.

तो म्हणाला, "अगं, तू ते माशांसाठी करायचीस? मला वाटायचं, तुला आवडतं म्हणून करतेस."

"आवडतंच हो. पण ते उपयोगाचं आहे, असं वाटायचं म्हणून आवडायचं."

"मग आता?"

"आता काय, डोंबल!" त्या म्हणाल्या, आणि रडू आलं. त्याने समजूत वगैरे घातली नाही. तो तसा माणूस नव्हता. त्याने कप विसळून ठेवले आणि त्यांच्या शेजारी येऊन बसला.

मंगळवारी बाई कामावर गेल्या, पण आपल्या खिडकीपाशी बसल्या नाहीत. मधली खोली ओलांडून थेट टाकीपाशी गेल्या. इतक्या वर्षांत त्या या खोलीत फार तर दहा वेळा आल्या असतील.

"काका, मासा कशाला भुलतो ते मला दाखवा."

टाकीकाकांनी त्यांच्याकडे बघितलं, स्टूल पुढे सरकवलं आणि दोन मासे घेतले. दोन्ही बाईंचेच, एकसारखे. पहिला पाण्यातून ओढला. तो डावीउजवीकडे डुलत, मध्येच अंग चोरत गेला. मग दुसऱ्याची जीभ त्यांनी चिमट्याने अगदी केसभर वाकवली. तो चार बोटं गेला आणि आडवा होऊन गोल फिरायला लागला.

"हे," टाकीकाका म्हणाले. "हे चुकलं की मासा ढुंकून बघत नाही. मग वर सोनं लावलं तरी."

"माझे नीट जातात ना?"

टाकीकाकांनी चिमटा खाली ठेवला. "खरं सांगू? तुम्ही एका कुशीवर रंग जास्त चढवता. उजव्या. उजेड तिकडून येतो म्हणून असेल. तेवढ्या थराने मासा कलतो. मी मागून घासून काढतो थोडं. तेवीस वर्षं."

"आणि तुम्हीही बोलला नाहीत!"

"कुठे घासलंय ते तुम्हाला कधी दिसलंय का?"

बाईंनी दोन्ही मासे हातात घेऊन खिडकीशी नेले, उलटेसुलटे केले, आणि त्यांना खरंच दिसेना. त्यांना हसू फुटलं. आठवड्यात पहिल्यांदा. त्या हसल्या म्हणून टाकीकाकाही हसले, आणि त्यांचे पुढचे दोन दात नाहीत हे कारखान्यातल्या कितीतरी जणांना त्या दिवशी कळलं.

त्यानंतर गोष्टी हळूहळू बदलल्या. साधे दोन रंगांचे मासे निघाले. ते न्हावीदादासारखे मुरलेले लोक कागदात गुंडाळून नेत. रंगवलेलेही राहिले, कारण दुकानदारांना तेच हवे होते. बाई आता दिवसाला चारच रंगवत, हलक्या हाताने, दोन्ही कुशींना सारखा रंग. तांबूस डाग गेला. त्याऐवजी पाठीवर त्यांनी एक वेगळाच हिरवा-निळा शोधून काढला होता. तो मनासारखा जमायचा नाही, आणि म्हणून त्या रोज नव्याने मिसळायच्या. उरलेला अर्धा दिवस टाकीपाशी. पुढे टाकीकाकांना मोतीबिंदू झाला आणि ते घरी बसले, तेव्हा मुलीने विचारलं, "मावशी, टाकी तुम्ही घ्याल?" त्यांनी एप्रनला हात पुसले आणि घेतली. आता घरी येतात त्या कोपरापर्यंत ओल्या बाह्यांनी, आणि थंडीत बोटं फुटतात म्हणून सगळ्यांना ऐकवतात.

कारखान्यात नवं गिऱ्हाईक आलं की हमखास विचारतं, "का हो बाई, या बारीक नक्षीला मासा जास्त लागतो का?"

पूर्वी त्या फक्त "लागणारच" म्हणायच्या. आता त्या हातातलं काम खाली ठेवून सगळं सांगतात. लख्ख उन्हातलं स्वच्छ पाणी, गढूळ पाणी, जिभेचा कोन, अठरा आणि एकोणीस, सुटलेला एक आणि न लिहिलेला एक. बहुतेकजण निम्म्यातच मान डोलवायला लागतात आणि फळीवरच्या रंगवलेल्या माशाकडे हात नेतात. बाई त्यांना थांबवत नाहीत. फक्त तो मासा त्यांच्या हातातून घेऊन आधी एकदा टाकीत पोहवून बघतात, आणि मग देतात.