जीभवाल्या सिस्टर

माणूस समोर आला की आधी त्याचं नाव विचारावं, गाव विचारावं, निदान बसा तरी म्हणावं. आमच्या सिस्टर आधी म्हणायच्या, "जीभ दाखवा." मग समोर बाळंतीण असो, सरपंच असो की टपाल घेऊन आलेला पोस्टमन. माणूस गोंधळून जीभ बाहेर काढायचा, त्या उजेडाकडे त्याची हनुवटी वळवून बघायच्या आणि मगच पुढचं बोलणं व्हायचं. गावाने त्यांचं नाव जीभवाल्या सिस्टर ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

मी त्याच दवाखान्यात कंपाउंडर होतो. मुरुडच्या पलीकडचं आमचं गाव तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. एकदा जिल्ह्याहून मोठे साहेब तपासणीला आले. आठ दिवस आधीपासून मी बाटल्या पुसत होतो. साहेबांनी चहाचा पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. मला घाम फुटला, चहा माझ्या घरचा होता. सिस्टर पुढे होऊन म्हणाल्या, "साहेब, जीभ दाखवा." साहेबांनी खरंच दाखवली. ओठांचे कोपरे चिरलेले, जीभ लालभडक. मग रोज काय जेवता, दौऱ्यावर काय खाता, दूध घेता का, अशी त्यांची उलटतपासणी झाली. साहेब हसत हसत गेले, पण लाजलेल्या माणसाला कुठेतरी राग काढावा लागतो. शेऱ्यात माझ्या खोलीतली धूळ आली.

या सवयीचं मूळ बहात्तरच्या दुष्काळात होतं. सिस्टर त्याच साली हदगावकडून बदलून आल्या होत्या. बोलणं तिकडचं, "काऊन" आणि "करून राहिले"चं. आमच्याकडे पाझर तलावाचं काम चालू होतं. बायका खडी फोडायच्या, दोन्ही वेळा मिलोची, म्हणजे रेशनवर आलेल्या परदेशी लाल ज्वारीची, नाहीतर गावच्या ज्वारीची भाकरी आणि वर मिरची. अशा बायकांचे हात आणि मान काळी पडून सालं निघायला लागली. मुकादम म्हणाला, ऊन लागलं. मीही तेच म्हणालो आणि मलमाच्या डब्या काढल्या. सिस्टरांनी एकेकीची जीभ बघितली आणि डॉक्टरसाहेबांना ओढत कामावर आणलं. "उन्हानं मान काळी होते साहेब, जीभ सोलून निघत न्हाई," असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. साहेबांनी तपासलं आणि ते खरं निघालं. नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्यांना 'ब' जीवनसत्त्वातल्या एका घटकाची तूट पडते, त्याचा तो आजार होता. माझ्या मलमाच्या डब्या परत कपाटात गेल्या.

गोळ्या आल्या, पण गोळी देणं सोपं आणि ती माणसाच्या पोटात जाणं अवघड. चार दिवसांनी सिस्टरांनी जिभा बघितल्या तर काहीच फरक नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की बायका आपल्या वाटच्या गोळ्या कुटून पिठात मिसळत होत्या आणि घरातल्या सात जणांना त्याची भाकरी घालत होत्या. त्यातली एक स्पष्टच म्हणाली, "एकटीनं ताकदीचं खायाचं आन् लेकरांनी तोंडाकडं बघायचं व्हय?" यावर मी असतो तर ओरडलो असतो. सिस्टर तिथेच खडीवर बसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतः तांब्या घेऊन रांगेत फिरायला लागल्या. गोळी जिभेवर, वर पाणी, पुन्हा तोंड उघडून दाखवायचं. लेकरांना डॉक्टरसाहेबांकडे नेऊन त्यांची गोळी वेगळी लिहून घेतली. तांब्या भरून द्यायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, आणि त्या साली आमच्याकडे पाणी भरणं म्हणजे काय होतं ते मी इथे सांगत बसत नाही.

मग गोळ्यांनी लघवी पिवळी झाली. सिस्टरांनी आधीच बजावलं होतं, घाबरू नका, जास्तीचं बाहेर पडतं. पण गोळी चालू झालेल्या पाच-सहा बाप्यांनी कावीळ झाली असं ठरवून टाकलं आणि शेजारच्या गावी कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊन नाकात रस घालून आले. नाकं सुजवून आले ते थेट माझ्या खिडकीशी भांडायला. सिस्टरांनी त्यांनाही जिभा काढायला लावल्या. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "गोळी म्हणजे भाकर न्हाई." गोळी तूट भरून निघेपर्यंत घ्यायची, पुढे शेंगदाणे, डाळ, पालेभाजी, मिळेल तेव्हा दूध. दुष्काळात हे सांगताना त्यांना लाज वाटायची, असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या.

दुष्काळ गेला, पण लोकांच्या डोक्यात ताकदीची औषधं कायमची बसली. विशेषतः लाल सुई, म्हणजे लाल रंगाच्या औषधाचं इंजेक्शन. ज्याला त्याला लाल सुई हवी. कापणीच्या आधी, लग्नाच्या आधी, कुस्तीच्या आधी. डॉक्टरसाहेब दौऱ्यावर असले की रांग माझ्या खिडकीशी लागायची. मी नरमलो की सिस्टर आतून यायच्या आणि कपाटाची किल्ली खिशात घालून निघून जायच्या. "सुई मागून मिळत नसते, कमी असलं तर मिळते," एवढंच म्हणायच्या. शिव्या मात्र मला. गावात माझी सोयरीक होती, भावकी होती. त्यांचं काय, त्या परगावच्या. हे मी त्यांना एकदा चिडून बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणून तर किल्ली माझ्यापाशी पायजे."

महिन्यातून एकदा गावातल्या फेरीत त्या आमच्या घरी यायच्या. सिस्टर बौद्ध होत्या आणि माझ्या आईला ते माहीत होतं. आई त्यांना कधी वाईट बोलली नाही, चहाही द्यायची. पण बाहेरच्या पायरीवर, चपलांच्या शेजारी, आणि कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कपात. सिस्टर चहा प्यायच्या, कप स्वतः विसळून कोनाड्यात ठेवायच्या आणि जायच्या. मी रोज त्यांच्याबरोबर काम करणारा माणूस, आत खुर्चीवर बसून हे बघायचो. आई म्हातारी आहे, तिला काय सांगायचं, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालायचो. त्याची लाज मला तेव्हा वाटायला हवी होती. ती वाटायला उशीर झाला.

त्यानंतर काही वर्षांनी आई पांढरी पडायला लागली. दोन पावलं चालली की धाप लागायची. कंपाउंडराची आई, मग डॉक्टर कशाला? मी लातूरहून फोलिक ॲसिडच्या गोळ्या आणल्या आणि सुरू केल्या. दोन महिन्यांत आईच्या चेहऱ्यावर रंग आला, धाप थांबली. मी ही गोष्ट दवाखान्यात दोन-तीनदा सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगितली. सिस्टरांनी फक्त विचारलं, "साहेबांना दाखवलं का?" मी न ऐकल्यासारखं केलं.

मग एके दिवशी पायरीवर चहा पिताना त्या मला म्हणाल्या, "भाऊ, मावशींची एक चप्पल इथंच राह्यली." आई तेव्हा समोरच्या घरी पीठ द्यायला गेली होती. बघितलं तर खरंच एक चप्पल पायरीवर आणि दुसरी आईच्या पायात. मी म्हणालो, विसरली असेल. सिस्टर म्हणाल्या, "मागच्या महिन्यातबी राह्यली होती. चप्पल निघालेली त्यांना समजून नाही राह्यलं." मी वैतागलो. म्हणालो, सिस्टर, जिभेवरून निदान करता तेवढं पुरे, आता चपलेवरून करू नका. त्यांनी कप विसळून ठेवला आणि गेल्या.

आठ-दहा दिवसांनी आई डोळे मिटून तोंडावर पाणी मारता मारता न्हाणीत कोसळली. हाड मोडलं नाही, पण तिने आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापाशी भीती बोलून दाखवली. "पाय हायेत का न्हाईत तेच कळंना झालंय. जाग्यावर पडले तर तुला जड हुईन रं." मी सिस्टरांकडे गेलो. त्या एक शब्दही टोचून बोलल्या नाहीत. आईला बैलगाडीत घालून दवाखान्यात आणलं, डॉक्टरसाहेबांनी पाय जोडून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. आई झोक जाऊन सिस्टरांच्या अंगावर पडली.

साहेबांनी दूध-दह्याचं विचारलं. आमच्या घरात मांस-अंडं वर्ज्य. आई म्हणाली, "गाय इकली दुष्काळात. मंग सवयच मोडली." नंतर घरात दूध आलं ते आमच्यापुरतं, ती कोराच चहा प्यायची. मी इतकी वर्षं ते बघितलं नव्हतं. साहेबांनी मला समजावलं: आईला तूट होती बी-बारा जीवनसत्त्वाची, जे दूध, अंडी, मांस यांतूनच मिळतं. माझ्या गोळ्यांनी रक्त सुधारलं, त्यामुळे आजार झाकला गेला आणि आतून नसा खराब होत राहिल्या. आणखी सहा महिने गेले असते तर ती उठली नसती. आईच्या चेहऱ्यावर मी आणलेला रंग, ज्याचं मी कौतुक सांगत फिरलो, तो हा असा होता.

औषध होतं लाल सुई. तीच. सुरुवातीला दिवसाआड, मग आठवड्याला, मग जन्मभर महिन्याला एक. गाव लगेच म्हणालं, कंपाउंडरच्या आईला सुई आणि आम्हाला शेंगदाणे. सिस्टर सुई घेऊन आमच्या दारात आल्या आणि पायरीवर थांबल्या. म्हणाल्या, "मावशी, उभ्यानं मी सुई देत नसते. आत येऊ, का इथंच आडव्या व्हता?" आईने उंबऱ्याकडे बघितलं. मग पदर सावरून म्हणाली, "या की आत." त्या दिवशी चहा बाजेवर बसून झाला. कोनाड्यातला कप आईने घासून आमच्या कपांत मिसळला, आणि तो नेमका कोणता हे पुढे मलाही ओळखू येईना.

पाय हळूहळू परत आले. सगळे नाही, बोटांत मुंग्या राहिल्या, पण आई काठीशिवाय चालायला लागली. एवढं होऊनही सिस्टर सुधारल्या नाहीत. आईने माझ्या बायकोलाही एक सुई द्या म्हणून गळ घातली, तर तिची जीभ बघून नाही म्हणाल्या.

लातूर वेगळा जिल्हा झाला आणि आमच्याकडे टेबलांची, कपाटांची आणि माणसांची वाटणी सुरू झाली. त्या गडबडीत सिस्टरांचा जुना अर्ज वर आला आणि त्यांची बदली नांदेडला, त्यांच्या हदगावकडे झाली. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली, तर मला ती खिशात कुठे ठेवावी कळेना.

जायच्या दिवशी आई एसटी स्टँडवर चालत आली. मी नको म्हणत होतो. सिस्टरांनी खिडकीतून मला एक कार्ड दिलं, त्यावर आईच्या सुयांच्या पुढच्या वर्षभराच्या तारखा लिहिलेल्या होत्या. म्हणाल्या, "एकबी चुकली तर मी येऊन पाहीन, भाऊ." मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, माफीही मागायची होती. तेवढ्यात कंडक्टरने घंटी मारली आणि त्या आईकडे वळल्या. "मावशी, जीभ दाखवा."

चारचौघांत कधी डोक्यावरचा पदर ढळू न देणारी माझी आई. भरल्या स्टँडवर तिने गाडीच्या खिडकीशी तोंड नेलं आणि चांगली हनुवटीपर्यंत जीभ बाहेर काढली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सिस्टरांनी नेहमीसारखी तिची हनुवटी उजेडाकडे वळवली, बघितलं, मान हलवली. गाडी गेली. मी आईच्या मागून, खाली बघत घरी आलो. तिच्या दोन्ही चपला शेवटपर्यंत पायांत होत्या.