आडवी चीर

हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालणारे एकच, आणि त्यांना सगळे प्लास्टरमामा म्हणत. सत्तावीस वर्षं हात चुन्यासारखे पांढरे. नवे डॉक्टर प्लास्टर शिकायचे ते त्यांच्याच हाताखाली. त्यामुळे नात्यागोत्यात त्यांना अर्धा डॉक्टर समजत, आणि खरं सांगायचं तर मामाही तसंच समजत.

त्यांची थोरली बहीण शिवणकाम करायची. एका दुपारी ती प्लास्टरच्या खोलीत येऊन बसली. मांडीत आत कुठेतरी गाठ होती. आधी लिंबाएवढी वाटायची, आता मोसंबीएवढी, आणि मशीनचं पायडल मारताना अडायची.

"दुखते का?" मामांनी दाबून पाहिलं.

"मुळीच नाही. दुखली असती तर आधीच आले नसते का?"

"मग चरबीची. दुखत नाही ती साधी असते, ताई."

"तू म्हणतोस म्हणजे असेल."

केसपेपर, रांग, तपासण्या यांत ताईचे आठ दिवस जातील, म्हणून मामांनी एका धाकट्या डॉक्टरला गाठलं. त्याला पहिलं प्लास्टर त्यांनीच शिकवलं होतं. त्यानं बोटं फिरवली आणि मामांना बाजूला घेतलं. "मामा, खोल वाटतेय. आधी एमआरआय करू या?"

"साहेब, घरचं काम आहे. अर्ध्या तासात उरकेल. आणि चीर आडवी घ्या, कातडीच्या घडीत लपेल. ताईला वण दिसलेला खपायचा नाही."

गुरूला नाही म्हणायचं कसं? गाठ निघाली. केसपेपरच नव्हता, त्यामुळे तपासायला पाठवायची बाटली कुणाच्या नावानं भरणार? मामांनी गाठ रक्ताळलेल्या कापसाबरोबर बादलीत टाकली.

चार महिन्यांनी त्याच जागी गाठ पुन्हा आली. या वेळी सगळं रीतसर झालं. एमआरआय झाला, सुईनं तुकडा काढला, अहवाल आला. स्नायूंत वाढलेला कर्करोग, सार्कोमा.

मोठ्या बाईंनी, म्हणजे वरच्या सर्जननी, तो वण पाहिला आणि ताईला बाहेर बसायला सांगितलं.

"ही आडवी कुणी कापली?" धाकटा डॉक्टर खाली बघत होता. मामा पट्ट्या गुंडाळत राहिले.

"खोल गाठ, मोठी आणि वाढणारी. अशी गाठ दुखत नाही, हीच तर तिची लबाडी. आधी चित्र, मग तुकडा, आणि चीर पायाच्या लांबीत, म्हणजे पुढे वणासकट सगळं काढता येतं. आता गाठीतल्या पेशी रक्ताबरोबर जिथे जिथे पसरल्या असतील, ते सगळं मांस काढावं लागेल. आधी रेडिएशन, मग ऑपरेशन. पाय राहील की नाही, आज सांगत नाही."

मामा बाहेर आले. बाकावर बसलेली ताई म्हणाली, "तू होतास म्हणून निदान एकदा तरी निघाली. नाहीतर मी बसलेच असते दाबत."

मामांना ते ऐकवेना. "ताई, तो डॉक्टर थांबा म्हणत होता. मीच घाई केली. चीरही मीच सांगितली. गाठ तपासायला न देता मीच टाकली."

ताई म्हणाली, "मला वाटलं, हे सगळं तू डॉक्टरांना विचारून करतोयस."

"नाही."

"मग आत चल. त्या पोराला एकट्याला बोलणी खाऊ देऊ नकोस. बाईंना माझ्यासमोर सांग."

मामांनी सांगितलं. घाई, चीर, बादली, काहीच लपवलं नाही.

पाच आठवडे रेडिएशन, मग ऑपरेशन. पाय राहिला, मांडीचा मोठा स्नायू गेला. गुडघा सरळ ठेवायला लांब पट्टा बांधायची वेळ आली, तेव्हा वॉर्डातल्या सगळ्यांनी सवयीनं मामांकडे पाहिलं.

"दुसरं कुणी बांधा," ताई म्हणाली.

दुसऱ्यानं बांधला. मामांना तो जरा सैल वाटला, पण ते तोंडातून काढणार कसं? ते दाराशीच उभे राहिले.

घरी सोडलं त्या दिवशी लिफ्ट बंद होती. ताई जिन्याच्या तोंडाशी थांबली, खाली पाहिलं, मग भावाकडे.

"खांदा दे."

मामा लगबगीनं पुढे झाले.

"राग गेलेला नाही हं," ती त्यांच्यावर भार टाकत म्हणाली, "पण रुसून जिना उतरता येत नाही. हळू. दर पायरीला सांग."

"एक," मामा म्हणाले.