सोबत कोण आहे?

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, ज्या ताईंनी मला हाताला धरून काम शिकवलं त्यांनाही नाही. याडीला — आमच्या तांड्यावर आईला याडी म्हणतात — तिला निम्मं माहीत आहे, आणि तेही चुकीचं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही जात नाहीये.

सेनगाव तालुक्यातला आमचा तांडा. बाप विहिरी खोदायचा. मी सातवीत असताना दगड वर ओढायचा दोर तुटला आणि भरलेलं टोपलं त्याच्या पाठीवर आलं. हाड जुळलं, दुखणं राहिलं. गोरेगावच्या बाजारात एक कंपाउंडर बसायचा, त्यानं सुई दिली. सुई घेतली की बाप दोन दिवस माणसात असायचा. मग एकच दिवस. मग सकाळची सुई दुपारपर्यंत पुरेना. पुढं तो स्वतःच टोचून घ्यायला लागला, मांडीत. विहिरी बंद झाल्या. याडी आणि भाऊ दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, मी हिंगोलीला मुलींच्या वसतिगृहात. सुट्टीत तांड्यावर गेले की पोरं ओरडायची — सुईवाल्याची पोरगी आली!

मी बी.ए. झाले. तांड्यावरची पहिली. मुलींमधली नव्हे, मुलंमुली मिळून पहिली. हे मी आजही मान वर करून सांगते.

हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी नगरपालिकेनं एका संस्थेला सोबत घेऊन व्यसनमुक्ती केंद्र काढलं. जागा पालिकेची, बंद पडलेल्या शाळेच्या तीन खोल्या. डॉक्टर आणि माणसं संस्थेची. दारू सोडवणारे लोकांना ठाऊक होते. हे केंद्र अफूचं, खोकल्याच्या बाटल्यांचं, दुखण्याच्या सुयांचं होतं. डॉक्टर म्हणायचे, ह्या सुया अफूच्याच जातीच्या. नोंदणीच्या टेबलावर मला घेतलं. मुलाखतीत संस्थेच्या ताईंनी सहज विचारलं, घरी कुणाला असलं काही आहे का? मी म्हटलं — छे, आमच्या घरात सुपारीसुद्धा कुणी खात नाही.

एवढं बोलायची गरज होती का? ताई तर त्याच कामासाठी आल्या होत्या. हो म्हटलं असतं तर त्यांनी मला जवळच घेतलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

उद्घाटनाला नगराध्यक्षांनी माझ्याकडे हात करून सांगितलं, ही तांड्यावरची पोरगी, बघा! टाळ्या पडल्या. माझा आवाज चांगला, म्हणून जीपवरच्या भोंग्यासाठी माझ्याच आवाजात कॅसेट भरली. सुईची सवय हा आजार आहे. लाजू नका. एकदा या, आम्ही तुमची वाट पाहतोय. ती जीप बाजारच्या दिवशी जवळा बाजारला, गोरेगावला फिरायची. मी स्वतः पत्रकं घेऊन आजूबाजूचे तांडे पालथे घातले. आमचा सोडून.

केंद्राचा एक नियम होता. रुग्णासोबत घरचं एक माणूस पंधरा दिवस राहायला पाहिजे. सुई सुटताना माणूस घामानं भिजतो, उलट्या करतो, थरथरतो, पळून जातो. धरून ठेवायला आपलं कुणीतरी लागतं. नियम वाईट नव्हता. नाव-गाव लिहून झालं की मी विचारायची — सोबत कोण आहे? कुणी नसलं तर कागद रद्द, माणूस माघारी.

मी लांबवतेय. मला समजतंय.

थंडीचे दिवस होते. सकाळी अकराच्या सुमाराला मान वर केली तर रांगेत चौथा माझा बाप. खांद्यावर याडीनं शिवलेली गोधडी, तिच्यात माझ्या शाळेच्या निळ्या स्कर्टचा तुकडा. दाढी करून आला होता. हात थरथरला असणार, गालावर दोन जागी कापलं होतं. राहायच्या तयारीनं आला होता.

पुढची तीन माणसं होईपर्यंत माझ्याकडे वेळ होता. उठून जवळ जाता आलं असतं. शेजारी सिस्टर होती, दारात पालिकेचे शिपाई मामा. मी उठले नाही. त्याची पाळी आली तेव्हा कागदावर बघत विचारलं, "तुमचं नाव?"

आम्ही घरात गोरमाटी बोलतो. जन्मात कधी मी बापाशी मराठीत बोलले नव्हते. त्यानं शेजारच्या सिस्टरकडं बघितलं. मग त्याच्या ध्यानात आलं. त्यानंही मराठीत नाव सांगितलं. आडनाव आमच्याकडं घरोघर तेच, त्यावरून कुणी चमकलं नाही. गाव विचारलं तर त्यानं तांडा सांगितला नाही, शेजारचं गाव सांगितलं. कुणासाठी, हे काय सांगायला पाहिजे?

"सोबत कोण आहे?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी पेनाचं टोपण लावलं, काढलं.

"कोणी न्हाई, बाई."

बाई म्हणाला मला.

दारातून मामा ओरडले, "ओ काका, हितं लग्नावानी असतंय! एकट्यानं यायचं न्हाई, वऱ्हाड आणायचं बराबर!"

रांग हसली. सिस्टर हसली. आणि — मीही हसले.

हेच सांगायचं होतं. ओळख न दाखवणं एकवेळ मी भीतीच्या खात्यात टाकलं असतं. पण हसायला मला कुणी लावलं होतं? माझं बघून तोही हसला. पडलेल्या दातांचं तोंड उघडून, लेकीच्या हापिसात आपल्यापायी कुणाला अवघड व्हायला नको, अशा बेतानं.

"घरचं माणूस घेऊन सोमवारी या," मी म्हटलं.

"व्हय, बाई."

वळताना त्याची गोधडी खाली घसरली. ती मामांनी उचलून दिली.

सोमवारी तो कुणाला आणणार होता? याडी आणि भाऊ तिकडे उसाच्या फडात, गुढीपाडव्याच्या आत परतणार नव्हते. अख्ख्या जिल्ह्यात त्याचं घरचं असं एकच माणूस होतं आणि ते टेबलाच्या ह्या बाजूला बसलं होतं. हे मला माहीत होतं. त्यालाही.

त्या रविवारी मी तांड्यावर गेले नाही. पुढच्याही नाही. काम आहे, असं मी मलाच सांगितलं. महिन्याभरानं मांडीतली सुईची जागा पिकली, विष अंगभर गेलं. याडी फडावरून पोचायच्या आत तो गेला होता.

दहाव्या दिवशी याडीनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "तो आला होता का गं तुझ्याकडं? शेजारीण सांगते, बाजारात भोंग्यावर तुझा आवाज ऐकला त्यानं. सगळ्यांना सांगत सुटला — माझी लेक मला बोलवून राहिली."

मी म्हटलं, "आला होता, पण त्या दिवशी मी रजेवर होते."

याडी अजून तेच धरून आहे. पोरगी असती तर बाप वाचला असता, असं पाहुण्यांना सांगते. मी चहा ठेवायला आत जाते.

पुढच्या वर्षी मी अर्ज लिहिला. एकट्या आलेल्या माणसाला परत पाठवू नये. घरच्या माणसाच्या जागी केंद्रातल्या कुणीतरी सही करावी आणि सही करणाऱ्यानंच पंधरा दिवस त्याच्या उशाशी राहावं. संस्थेनं उचलून धरला, पालिकेच्या सभेत पास झाला. ताईंनी विचारलं, हे तुला सुचलं कसं? मी म्हटलं, कामातून. माझा सत्कार झाला. मी शाल घेतली, फोटोलाही उभी राहिले.

केंद्र चालू होतं तोवर एकटं आलेलं एकही माणूस पुन्हा दारातून माघारी गेलं नाही. त्यांतल्या कितीतरी कागदांवर नातेवाईकाच्या जागी माझी सही आहे. माझ्या बापाच्या नावाचा कागद तिथं नाही.