घर सोडलेल्यांचा दाखला

औरंगाबाद स्टेशनवर अण्णा पाणी आणायला म्हणून गेले आणि गाडी सुटायच्या बेताला बाटली न घेताच परत आले. खिडकीचा गज धरून म्हणाले, "नीट शीक. इकडचं आम्ही बघू." दादा, तू त्यांच्या मागे उभा होतास.

अण्णा निवृत्त शाळामास्तर. रविवारी विहारात पोरांना पाली शिकवायचे. मुलगी जर्मनीत चीनमधल्या बौद्ध धर्मावर पीएच.डी. करते, हे भाजीवाल्यालाही सांगायचे. दर आठवड्याला फोनवर माझ्याकडून नवीन लिहिलेलं वाचून घ्यायचे.

चीनमध्ये तांग राजवटीत काही सम्राटांनी विहार बांधले, राज्याच्या भल्यासाठी भिक्षूंकडून सूत्रं म्हणवून घेतली. पुढे एकानं तेच विहार पाडले. दरबारी पंडितांचा आक्षेप जुनाच होता : हे लोक आईबापांना टाकून जातात. चिनीत भिक्षू होण्याला शब्दच 'घर सोडणं' असा आहे.

"आईबापांचं कोण बघायचं, यावर भिक्षू काय म्हणाले?" अण्णांनी विचारलं.

"म्हणाले, आमचं पुण्य आईबापांनाही मिळतं."

अण्णा हसले. "सोयीचं उत्तर आहे."

विहार पाडणाऱ्या त्या सम्राटानं लाखो भिक्षू-भिक्षुणींची चीवरं उतरवून त्यांना संसारात परत पाठवलं. लोखंडी मूर्ती वितळवून शेतीची अवजारं केली. परदेशी भिक्षूंकडे सरकारी दाखला नसेल, तर त्यांचीही रवानगी मायदेशी. हे प्रकरण लिहीत होते तेव्हाच माझी शिष्यवृत्ती संपली आणि व्हिसाही. आउसलेंडरबेहोर्डं, म्हणजे परदेशी लोकांची कचेरी, तिनं मुदतवाढीसाठी तीन आठवड्यांनंतरचा टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, दिला.

चौथ्या दिवशी दादा, तुझा फोन आला. अण्णांना अर्धांगाचा झटका आला होता. "आजच्या आज निघ."

मी कचेरीत धावले. बाई सभ्यपणे म्हणाल्या, जायला कोणी अडवणार नाही, पण कागद नसताना परत येता येईल याची खात्री देता येत नाही. थीसिसचे चार महिने उरले होते. मी तसं फोनवर सांगितलं. तू फोन अण्णांच्या कानाला लावलास. त्यांची जीभ जड झाली होती. "कागद... घेऊनच ये," एवढंच कळलं.

मी ते आज्ञा म्हणून घेतलं. मला तेच सोयीचं होतं.

नवव्या दिवशी अण्णा गेले. भन्तेंनी म्हटलेलं त्रिशरण मी इथल्या हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात फोनवर ऐकलं. शेजारी एक मुलगा पास्ता उकळत होता. मला मोठ्यानं म्हणता आलं नाही. ते गेल्याच्या तेराव्या दिवशी, टेर्मिनच्या तारखेला, परवाना मिळाला.

थीसिस मी कधीच दिला नाही. आईबापांचं प्रकरण उघडलं की पुढे सरकायचंच नाही. आता इथल्याच वाल्डॉर्फ गावात एका कंपनीत सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं लिहिते. माझ्या मुलाला मराठी समजतं, उत्तर तो जर्मनमध्ये देतो. अण्णांचा फोटो बघून एकदा म्हणाला, "वेर इस्ट दास?" हे कोण? मी सांगितलं. तो "आख झो", अच्छा, म्हणाला आणि खेळायला गेला.

दादा, तू मला एकदाच बोललास, अण्णांच्या पहिल्या स्मृतिदिनी नाही, तर साध्या फोनवर : "तू घर सोडलंस, तुला सूट होती. आम्हाला ती कुणी दिली नाही."

माझ्यासारखे गेलेले म्हणतात, दोन्हीकडे घर असतं. मला तसं वाटत नाही. गेल्या डिसेंबरात घरी आले तेव्हा बॅग अजून दारातच होती. आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला, डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "परत कधी जाणारेस?"

घरातल्या माणसाला हे कुणी विचारत नाही. मी तारीख सांगितली.