दोन कारखान्यांच्या मधला ड्रोन

ज्या वर्कशॉपात काहीच वेळेवर होत नाही, तिथं किस्से मात्र लय साठतात. उंब्रजला हायवेलगत आम्ही उसावर फवारणी करणारे ड्रोन बनवतो. आम्ही म्हणजे मी आणि फौजेतून रिटायर झालेले सुभेदार अण्णा. मोटारी चीनच्या, सॉफ्टवेअर अमेरिकेचं, चिखल आमचा.

*

एकदा अमेरिकन कंपनीची मेल आली, ड्रोन मिलिटरी वापरणार का? मी जेवायला गेलेलो. अण्णांनी इमानदारीत 'नो' कळवलं आणि सवयीनं खाली सही ठोकली: सुभेदार, इंडियन आर्मी.

संध्याकाळपर्यंत आमचं अकाउंट बंद! मी कपाळावर हात मारला आणि सॉफ्टवेअर स्वतःच लिहायला बसलो.

*

मोटारी विकणारी चिनी पोरगी व्हिडिओ कॉलवर यायची. अण्णांची निम्मी नोकरी चीनच्या सीमेवर गेलेली, त्यामुळं सुरुवातीला ते ताठ बसायचे. हळूहळू ती त्यांच्या गुडघ्याची चौकशी करायला लागली आणि गडी विरघळला. पुढं तिच्या देशानंच मोटारी बाहेर विकायला बंदी घातली, तर अण्णा म्हणतात, "सरकारनं केलं, पोरीचा काय दोष?"

मग कराडच्या वाइंडिंगवाल्याकडून मोटारी करवून घेतल्या. पहिला ड्रोन उडाला तो थेट अण्णांचे थोरले भाऊ तात्या, त्यांच्या गोठ्यात. म्हैस बिथरली. तात्यांनी आम्हाला रानात पाय ठेवू दिला नाही.

*

आणि नेमक्या तेव्हाच एका लहानशा बेटावरच्या देशातून शेतीखात्याच्या बाई आमचा ड्रोन बघायला आल्या. दोन्ही बडे देश त्यांना फुकट ड्रोन देत होते, पण बाईंना त्यांच्या अटी नको होत्या. ही ऑर्डर मिळाली तर वर्कशॉप राहणार, नाहीतर मी परत पुण्यात नोकरीला. शेवटी तात्यांचे पाय धरले, तेव्हा कुठं रान मिळालं.

ड्रोन नीट उडाला. पण बाईंचं लक्ष तात्यांकडं! तात्या ऊस दोन कारखान्यांकडं नोंदवतात, हे मी सांगितल्यावर बाईंनी तात्यांनाच विचारलं, कारखानेवाले चिडत नाहीत?

"चिडत्यात की. म्हणून तर दोघंबी येळेवर तोड पाठवत्यात."

आणि दोघांनीही नाही पाठवली तर?

"मग आपलं गुऱ्हाळ हाय."

बाईंनी गुऱ्हाळ बघितलं, काकवी चाखली, गूळ शिजतो त्या काईलीत डोकावून ढीगभर प्रश्न विचारले. ड्रोनबद्दल एकही नाही. मी मनातल्या मनात पुण्याची बॅग भरली.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. ऑर्डर पक्की, पण तिकडं ट्रेनिंग द्यायला तात्याच पाहिजेत.

तात्यांनी आयुष्यात रिमोट हातात धरलेला नाही. त्यांनी एवढंच विचारलं,

"विमानात काईल बसंल का रं?"