बाळाराम मिस्त्रीचं पळतं मशीन

बाळाराम मिस्त्री हा शेलार गावातला लूमफिटर, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारा. बंद पडलेला लूम तो तासाभरात खडखडवायचा. पण त्याच्या घरातलं एक मशीन दोन महिने झाले तरी त्याला दाद देत नव्हतं.

बाळारामकडे हौशी रेडिओचा परवाना होता. अकोल्याचा पंढरी हा त्याचा रेडिओवरचा दोस्त. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. पंढरीकडे जुना टेलिप्रिंटर होता, म्हणून बाळारामनंही तसाच एक हसनभाईच्या भंगारातून उचलून आणला. पंढरीनं अकोल्यात बटणं दाबली की इथं रेडिओत टुलुटुलु शिट्या वाजायच्या, आणि त्या ऐकून मशीननं तीच अक्षरं कागदावर छापायची, असं ते काम. पण छापून यायचं ते भलतंच. वीतभर कागदात एक शब्द लागेल तर शपथ.

आणि हे धूड बसलं होतं नेमकं गणपतीच्या कोपऱ्यात. सीताबाई नवऱ्याला काही बोलली नाही. रोज दिवा लावताना देवाला तेवढं सांगायची. पण गणपती उद्यावर आला तेव्हा म्हणाली, "अवो, आज त्यानं समजंल अशी एक ओळ छापली तर राहू दे. न्हायतर हसनभाईची हातगाडी."

शुक्रवार होता. गावातले लूम सुट्टीला बंद, त्यामुळे त्यांच्या मोटारींनी रेडिओत होणारी खरखरही बंद. हसनभाई नमाज उरकून आला आणि ओटीवर चहा पीत बसला. त्याची हातगाडी दारातच उभी होती.

बाळारामनं हात जोडून खटका दाबला. मशीन असं थरथरलं की फळीवरचे डबे चालायला लागले. शेजारची ठकुबाई गव्हाचा डबा घेऊन दारात हजर झाली.

"सीते, चक्की घातली व्हय? सांगायचं तरी."

"चक्की न्हाय ती."

"मंग येवढी कशाला गरगरते?"

सीताबाईनं पहिल्यांदाच मशीनकडे नीट पाहिलं. "अवो, ही पुली कुठली?"

"लूमची," बाळाराम ऐटीत म्हणाला. "मूळची बारकी व्हती. मशीन मुंगीवानी चालायचं. मोठी घातली."

सगळा जन्म त्यानं लूम पळवण्यात घालवलेला. हळू चालणारं काही दिसलं की त्याचा हात आपसूक मोठ्या पुलीकडे जायचा.

"त्याला काय कापडाच्या मीटरवर पगार हाय?" सीताबाई म्हणाली. "अकोल्यावाले हळू बोलत्यात, आनि तुमचं पळत ऐकतंय."

हसनभाईला ठसका लागला. "मिस्त्री, भाभीला ड्युटीवर घ्या."

बारकी पुली शोधायला बाळारामनं हत्यारांची पेटी उपडी केली, खाटेखाली अर्धा गेला. पुली होती पाण्याच्या पिंपाखाली. पिंप डगमगू नये म्हणून सीताबाईनंच ती सारलेली. हसनभाईनं पिंपाला मिठी मारली आणि तिनं पुली ओढून काढली.

आता मशीन शहाण्यासारखं टकटकू लागलं. पंढरी मराठीच लिहायचा, अक्षरं तेवढी इंग्रजी. बाळाराम बोट ठेवून वाचत गेला.

"बाळाराम, आज तरी छाप. भंगारवाला माझ्या दारात उभा आहे. कमळा ऐकत नाही."

सीताबाईनं पदरानं कागदावरचा तेलाचा डाग टिपला.

"लिहा तिला," ती म्हणाली. "म्हनावं कमळावहिनी, बाप्पा दुसऱ्या कोपऱ्यातबी बसतो. मी विचारते त्याला."

पिंपाआडून हसनभाईचा आवाज आला. "भाभी, अब मैं क्या उठाऊँ?"

"मखर. पन पिंप सोडू नका अजून. खाली काय तरी सारते."